बफर ओव्हरफ्लो आणि मापट्याची शीग

प्रश्न असा होता: 'बफर ओव्हरफ्लो'ला मराठीत 'स्मृती-अतिप्रवाह' म्हणावे का?

नाही. अतिप्रवाह म्हणजे फार जोराचा प्रवाह, आणि इथे जोराचा काही संबंध नाही. त्याहून चीड येते ती 'मेमरी फुल झाली म्हणजे बफर ओव्हरफ्लो' या वाक्याची. गेल्या महिन्यात तीनदा ऐकले, एकदा तर व्याख्यानात. मेमरी फुल होत नाही हो! बफर म्हणजे मेमरीतली ठरावीक मापाची जागा; तिच्यात मापाबाहेरचे ओतले जाते आणि ते शेजारच्या जागेतले पुसून तिथे बसते. बाकीची सगळी मेमरी रिकामी असली तरी हे घडते.

उदाहरण पीपीपीडीचे घ्या. डायल-अप, डीएसएल, काही व्हीपीएन अशा जोडण्या उभारणारा आणि समोरचा कोण आहे याची ओळख पटवणारा हा लिनक्सवरचा जुना प्रोग्राम. 2020 साली त्यातला दोष उघड झाला, 2.4.2 ते 2.4.8 या सगळ्या आवृत्त्यांत तो होता. ईएपी या ओळख पटवण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीने ओळख सांगताना पलीकडून जे नाव येते, त्यासाठी 256 बाइटची जागा राखलेली. नाव लांब असेल तर कापायचे, हेही लिहिलेले होते. पण तपासणीत लांब्यांची बेरीज-वजाबाकी चुकली होती, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नव्हती. कात्री होती, चालत नव्हती. हा प्रोग्राम बहुधा रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालतो, आणि नाव पाठवणाऱ्याची ओळख अजून पटलेलीही नसते. दारावर नाव विचारले आणि नावानेच घर फोडले.

आता खरी गोष्ट. धान्य मापताना मापटे काठोकाठ भरून वर जो ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. सपाट माप द्यायचे तर हात फिरवून ती पाडतात. पीपीपीडीत हा हातच फिरला नाही. वर्तमानपत्रांत उत्सुकता रोज 'शिगेला पोहोचते', पण लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी अधोली, हे धान्याचे जुने माप, पाहिली असेल!

ही शीग आली कुठून? बरेच जण डोळे मिटून 'शिखा' सांगतात. शेंडीसारखा ढीग, म्हणून शिखा. दिसायला गोड, ध्वनीला खोटे. स्वरांमधल्या 'ख'चा प्राकृतात 'ह' होतो. लिख् पासून लिहिणे, सखीपासून सई. मग शिखेचीच सिहा न होता शीग कशी झाली? शिखावाद्यांकडून याचे धड उत्तर मला आजवर मिळालेले नाही. माझे मत: शृंग. शृंग, सिंग, मग स्वर दीर्घ होऊन अनुस्वार झिजला, जसा दंत-दांत-दात, पंच-पांच-पाच यांत झिजला. यावर 'ग, ज, द अशा घोष व्यंजनापुढे अनुस्वार टिकतो, चांद बघा, सांज बघा' असा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. पण त्याच शृंगातून आलेले शिंग आधीच जनावराच्या डोक्यावर बसलेले असताना मापावरच्या भावाने वेगळे दिसण्यासाठी नाक, म्हणजे अनुस्वार, टाकले असेल तर? पुरावा नाही, कबूल. तरी शिखेपेक्षा बरे.

हां, प्रश्न राहिला. 'ओसंडणे' चालेल, पण ओसंडलेले पाणी वाहून जाते; इथले सांडलेले शेजाऱ्याच्या मापात पडते आणि त्याचे धान्य बदलून टाकते. मी 'शीगसांड' सुचवीन. हसाल, हसा. नको असेल तर सरळ 'बफर ओव्हरफ्लो' लिहा, देवनागरीत. 'अतिप्रवाह' मात्र पावसाळ्यात कोयनेसाठी ठेवा.