मालवणात ऑफिसच्या नव्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर मारियाडीबी (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकली, पण डेटाबेस तयार करताना एरर १०४४ येते. पुन्हा इन्स्टॉल करू का?

नको, इन्स्टॉलेशन ठीक आहे; तुमच्या युजरला डेटाबेस तयार करायची परवानगी दिलेली नाही, एवढंच. १०४४ म्हणजे लॉगिन झालं, पण अधिकार नाहीत (पासवर्ड चुकला असता तर १०४५ आली असती). उबुंटूवर मारियाडीबीचा रूट (सर्वाधिकार असलेला युजर) सिस्टिमच्या रूट खात्यावरून ओळखला जातो. म्हणून टर्मिनलवर ‘सुडो मारियाडीबी’ (sudo mariadb) या कमांडने आत शिरा, डेटाबेस तिथूनच तयार करा आणि ‘ग्रँट’ (GRANT, अधिकार देणारी कमांड) वापरून फक्त त्याच डेटाबेसचे अधिकार आपल्या युजरला द्या. सगळ्या डेटाबेसचे देऊ नका, कळकळीने सांगतो. मात्र एरर १००६ असेल तर गोष्ट वेगळी: त्या मेसेजमध्ये सोबत १३ हा कोड दिसला तर डेटा फोल्डरची मालकी तपासा, २८ दिसला तर डिस्क भरली आहे. आणि पावसात इन्स्टॉल चालू असतानाच लाईट गेली असेल, तर आधी अर्धवट राहिलेलं पॅकेज पूर्ण करून घ्या.