मुद्देमाल कारकून म्हणून नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

घाबरू नका, काम किचकट असलं तरी अवघड नाही. मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू, हातात आला की सही करण्याआधी पंचनामा समोर ठेवून एकेक वस्तू ताडून पाहा. सील शाबूत आहे का, लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या आहेत का? फरक दिसला तर तिथेच तपास अधिकाऱ्याला सांगा. एकदा सही केलीत की जबाबदारी तुमची.

नवख्यांच्या हमखास चुका वर्णनात होतात. ‘सोन्याची साखळी’ लिहू नका. ‘पिवळ्या धातूची साखळी, वजन 11.420 ग्रॅम’ असं लिहा. सोनं आहे की नाही, ते सराफ सांगेल. रोकड मूल्यानुसार: 500च्या 14, 100च्या 6, एकूण 7,600. मोबाइलचा 15 अंकी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लिहा. दोन सिमचा असेल तर दोन्ही.

- रक्ताळलेले कपडे ओले असताना प्लास्टिकमध्ये राहिले की बुरशी येते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकीट हवं. ओलं पाकीट आलं तर स्वतः सील फोडू नका, अधिकाऱ्याला कळवा.
- नोंद चुकली तर एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नको. बचाव पक्षाचे वकील पहिल्यांदा तेच शोधतात.
- वस्तू प्रयोगशाळेत किंवा कोर्टात गेली की नेणाऱ्याचं नाव, बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक), वेळ, सही. पोच त्याच दिवशी चिकटवा.

सुपूर्दनामा (वस्तू मालकाच्या ताब्यात देणं), लिलाव, नाश वगैरे नंतर शिकता येईल. सध्या रोजची नोंद रोज.