वेगवेगळ्या समाजाच्या लोकांना एकत्र बसवून जात-धर्म-भाषेवर चर्चा घेतली तर भांडणंच होतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या भागात अशी चर्चा-बैठक सुरू करायचीय पण घरचे म्हणतात कशाला आग्यामोहोळाला दगड मारता. मी सोलापूरची, घरी आमच्या कानडी, शिक्षण सगळं मराठीत, एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघते. आम्ही काही जण तीन वर्षांपासून अशी बैठक चालवतोय, म्हणून जे बघितलं तेवढंच सांगते.

भांडणं होतात, खोटं कशाला सांगू. पण आमची पहिली बैठक फसली ती भांडणानं नाही, सगळे गोड बोलले म्हणून फसली. बॅनर, टेबल, अध्यक्ष, दोन वक्ते, हार-शाल सगळं केलं होतं, आपल्याला व्याख्यानाचीच सवय ना, एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दोन्ही वक्ते स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर बोलले. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना एकाच दिवशी फाशी झाली, वेगवेगळ्या घरातली ही माणसं एकत्र गेली, याचा मला फार अभिमान आहे आणि चार पुतळ्यापाशी आलं की आजही माझा हात आपोआप छातीशी जातो. पण आपलं शहर किती सलोख्याचं असं माईकवर एकदा सांगून झालं की मग खाली बसलेली बाई कशी म्हणणार की मला आडनाव ऐकून खोली नाकारली? तिला वाटतं आपण हुतात्म्यांचाच अपमान करतोय. म्हणून सलोख्याचं भाषण सुरुवातीला अजिबात ठेवू नका, ही माझी पहिली कळकळीची विनंती.

दुसऱ्या वेळी एका रात्रशाळेची खोली मिळाली, सतरंजी टाकली, चौदा जण गोल बसलो. विषय "धार्मिक तेढ" वगैरे ठेवलाच नाही, घर भाड्यानं घेताना किंवा देताना काय झालं एवढंच विचारलं. नई जिंदगी भागातल्या एक आपा आल्या होत्या, विड्या वळतात. बोलताना हातात सिटी बसचं तिकीट होतं आणि त्यांची बोटं आपली आपण ते विडीसारखं वळत होती, उलगडत होती, परत वळत होती. म्हणाल्या, "फोन पे सब ठीक था, नाम पूछा, बताया, तो बोले अभी अभी दे दिया." समोरच जुळे सोलापूरचे एक काका बसलेले, त्यांच्या स्वतःच्या तीन खोल्या भाड्यानं. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले मीपण असंच सांगतो ओ, माझ्या मनात काही नाही पण खालचे भाडेकरू सोडून जातील. आपांनी विचारलं, "उनको पूछा क्या कभी?"

विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही, दुसऱ्याच्या नावावर आपली भीती खपवून टाकतो. पुढच्या महिन्यात काका खरंच विचारून आले. एक बिऱ्हाड चालेल म्हणालं, दुसरं म्हणालं आम्ही खोली सोडू. झालं एवढंच, आपांनी तोवर दुसरीकडं बघितलं होतं. पण काका स्वतःहून येऊन हे सगळ्यांसमोर सांगून गेले, आणि वर्तमानपत्रात तेढीवर कितीही वाचलं असतं तरी मला हे कळलं नसतं.

भाषेचं मात्र आमचं चुकलं, आणि बराच काळ चुकलं. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारी रोजच्या कानावरच्या, त्यामुळं सगळ्यांना मराठी येतेच असं धरून चाललो. पूर्व भागातले दोन तेलुगू आजोबा, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, तीन बैठकांना नुसते येऊन बसायचे आणि आम्हाला वाटायचं यांना काही बोलायचं नाही. मग एकीनं सुचवलं की ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोला, शेजारचा मराठीत सांगेल. त्या दिवशी त्यातले एक आजोबा वीस मिनिटं थांबलेच नाहीत. सुट्टीत गावाकडं जाणार का असं लोक त्यांना अजून विचारतात म्हणे, चौथी पिढी इथं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो ते रस्ते पायाखालचे, तर हेच की गाव! आणि नातवाला धड तेलुगू येत नाही ते दुःख वेगळंच. मी स्वतः हा प्रश्न कितीतरी जणांना सहज विचारलाय, टोचत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आपल्याच समाजाचा विषय निघाला की खरी परीक्षा असते. सोलापूर विद्यापीठाच्या नावाचा वाद आठवत असेल, 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर नाव लागलं, त्याआधी आमच्या लिंगायत लोकांची मागणी सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नावाची होती. बैठकीत तो निघाला आणि आमचेच नात्यातले एक काका आणि धनगर समाजाचा एक कॉलेजचा मुलगा, दोघांचे आवाज चढले. मी थांबवायला पाहिजे होतं पण माझाही जीव काकांकडं ओढत होता, म्हणून मी गप्प राहिले. ते चुकलंच. चालवणाऱ्याच्या समाजाचा विषय असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला चालवायला द्या. काका त्यानंतर आले नाहीत, दोनदा घरी जाऊन बोलावलं तरी नाही. मुलगा येतो.

आणि लग्न. आंतरजातीय लग्नाचा विषय काढला की आमच्याकडं सगळे चहाकडं बघतात. आमच्या घरी अनुभव मंटपाबद्दल नेहमी बोलणं व्हायचं, बाराव्या शतकात बसवण्णांच्या म्हणजे बसवेश्वरांच्या कल्याणला, अल्लमप्रभू अध्यक्ष, नावाडी, चांभार, बायका सगळे एकत्र बसून वाद घालायचे, आमचे सिद्धरामेश्वर म्हणजे सिद्धेश्वरपण इथून तिकडं गेले. बोलण्यापर्यंत सगळं निभावलं. पण परंपरेत सांगतात की हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न झालं आणि राजानं दोघांच्या बापांना मारलं, मग शरण, म्हणजे बसवण्णांसोबतची ही सगळी माणसं, परागंदा झाले. तेव्हा तुमच्या बैठकीत या विषयावर लोक गप्प झाले तर रागावू नका, त्या गप्प बसण्याला फार जुनी भीती आहे. आम्ही अजून दर वर्षी एकदा काढतो, मागच्या वेळी एका ताईंनी पहिल्यांदा स्वतःच्या बहिणीबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि रडल्या, त्यावर कुणी काही बोललं नाही तेच बरं झालं.

बाकी बारीकसारीक: देऊळ, मशीद, समाजाचं कार्यालय, नगरसेवकाचं ऑफिस यातली जागा नको. पंधराच्या वर माणसं नको. "तुमचे लोक" हा शब्द आला की तिथंच थांबवा आणि त्याच माणसाला "मी"नं सुरू करायला लावा. मोबाइल पिशवीत, रेकॉर्डिंग कुणाचंच नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त तारीख आणि जागा, फॉरवर्ड आला की लगेच डिलीट. निवडणुकीच्या महिन्यात आम्ही बंद ठेवतो. वेळ दुपारी चारची ठेवा, संध्याकाळची ठेवली की बायका स्वयंपाकाला जातात आणि मग पुरुषच बोलत बसतात.

पहिल्यांदा सात-आठ जण आले तरी घ्या. आमच्या तिसऱ्या बैठकीला पाऊस होता आणि पाच जण होते, त्यातल्या दोघी अजून एकही चुकवत नाहीत. तुमचा भाग कुठला आणि कोण कोण यायला तयार आहेत ते लिहा, मग पहिला विषय कुठला घ्यायचा ते बघू.