ऑलिंपिक पदकानंतर खाशाबा जाधव पोटापाण्यासाठी काय करत होते?

पोलीस खात्यात नोकरी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कराडकडे परतल्यावर बैलगाड्यांची भलीमोठी मिरवणूक निघाली. आपल्याला आठवते ती एवढीच.

पण पदकावर घर चालत नाही. आधी तर प्रवासखर्चाचं कर्ज फेडायला त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले. (कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं!) 1955 मध्ये फौजदार म्हणून भरती झाले आणि दोन तपांहून जास्त काळ खाकीत काढून सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. पुढे पेन्शनसाठीही झगडावं लागलं, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. 1984 मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.