“मेकअप तूच कर ना!” आणि होकारानंतरची धास्ती

लग्न ठरलं की जिवलग मैत्रीण म्हणते, “मेकअप आणि केस तूच कर, दुसऱ्या कुणाचा हात नको मला.” समोरची हरखून हो म्हणते आणि आठवडाभरात तिची झोप उडते. ही काळजी घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच जणी असतात. त्यांतल्या एकीची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय सत्तावीस. नोकरी भलत्याच क्षेत्रातली, पण हात चांगला. घरच्या समारंभांत सगळ्यांना हीच तयार करायची. लग्नाला सात आठवडे होते. ती म्हणाली, “माझा हात थरथरला तर? फोटो तर जन्मभर राहणार. आणि बिघडलं तरी ती मला कधीच सांगणार नाही.”

पहिल्या दोन वाक्यांतली भीती कौशल्याची आहे, सरावाने ती आटोक्यात येते. तिसरं वाक्य मैत्रीचं आहे आणि खरी कळ तिथेच होती. दोन्ही काळज्या एकात एक गुंतल्या की माणूस चुकीच्या ठिकाणी मेहनत करतो. ही रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहत होती, नवनवे ब्रश मागवत होती. प्रत्येक व्हिडिओची पद्धत वेगळी, त्यामुळे गोंधळात भरच पडत होती. व्हिडिओ बंद, हे पहिलं काम ठरलं.

मग एक प्रयोग. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ‘प्री-मॉर्टेम’ नावाची पद्धत मांडली आहे: काम फसलंच आहे असं धरायचं आणि ते का फसलं याची कारणं आधीच लिहून काढायची. “काय होऊ शकेल?” असं विचारलं तर काळजी मोकाट सुटते; “काय झालं?” असं विचारलं की कारणं नेमकी येतात. तिने लिहिलं: फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक दिसला, दुपारी नाकाजवळचा बेस (फाउंडेशनचा थर) फाटला, खोट्या पापणीचं टोक उघडलं, अंबाडा सैल होऊन मानेवर आला, नवरीच्या डोळ्यांना खाज सुटली, सगळं उरकायला तासभर उशीर झाला.

यांतल्या प्रत्येकाला उपाय आहे. चेहरा पांढरा पडतो तो बहुतेकदा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमुळे, नाहीतर सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाल्यामुळे. साध्या उजेडात ते कळत नाही, म्हणून ट्रायलला, म्हणजे लग्नाआधीच्या रंगीत तालमीला, फ्लॅश लावून फोटो काढायचाच. बेस फाटतो किंवा त्याच्या गोळ्या होतात, कारण सिलिकॉनच्या प्रायमरवर (फाउंडेशनआधी लावायचा थर) पाण्याचं फाउंडेशन नीट बसत नाही. दोन्ही एकाच जातीचं घ्यावं, मॉइश्चरायझरनंतर पाच-दहा मिनिटं थांबावं आणि जाड एका थराऐवजी ओल्या स्पंजने थापून पातळ दोन थर द्यावेत. शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला दिवसाच्या उजेडात बघायची, तीही वीसेक मिनिटांनी, कारण काही फाउंडेशनं हवा लागली की गडद होतात. पापणीचा गोंद लावल्यावर तीसेक सेकंद थांबून तो चिकट झाला की मगच पापणी बसवायची. ओला असताना बसवली की ती सरकते आणि टोकं आधी सुटतात. डोळ्यांच्या खाजेचा विचार मात्र ट्रायलच्याही आधी करायचा: गोंद आणि नवं प्रत्येक प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहायची. काही गोंदांत लॅटेक्स असतं, ते सगळ्यांना सोसत नाही.

ट्रायल लग्नाआधी तीन-चार आठवडे ठेवली. ट्रायल म्हणजे मेकअप करून फोटो काढला आणि धुऊन टाकला, असं नव्हे. नवरीने तो सहा-सात तास तसाच ठेवायचा, जेवायचं, हसायचं, आणि शेवटी पुन्हा फोटो काढायचा. हिने घड्याळ लावलं तेव्हा मेकअपला १०० मिनिटं लागली. तिचा अंदाज साठचा होता.

उशिराच्या भीतीवर त्यातूनच तोडगा निघाला. पहिल्या फोटोच्या वेळेपासून उलटं मोजायचं: कपडे-दागिन्यांना ४५ मिनिटं, केस बांधायला ६०, मेकअपला १००, केस कुरळे करायला ३०, आणि वर ३० मिनिटं नुसती राखीव. क्रमही ठरला. आधी केस कुरळे करून प्रत्येक वळी पिनेने गुंडाळून ठेवायची, ती थंड होईपर्यंत मेकअप करायचा, आणि शेवटी केस बांधायचे. गरम वळी लगेच सोडली की पडते. नवरीने पुढून बटणं असलेला शर्ट घालावा, म्हणजे नंतर तो डोक्यावरून ओढून काढावा लागत नाही. हे इतकं साधं आहे की हमखास विसरलं जातं.

हाताच्या थरथरीबद्दल एवढंच: ती पूर्ण जाणार नाही आणि जायची गरजही नाही. उपाशीपोटी दोन कप कॉफी घेतली की ती वाढते, म्हणून खाऊन घ्यायचं. लायनर लावताना कोपर टेबलावर टेकवायचं आणि करंगळीखाली पावडरचा पफ धरून ती नवरीच्या गालावर ठेवायची. एका झटक्यात लांब रेघ ओढण्याऐवजी पापणीच्या मुळाशी छोटे तुकडे काढून जोडायचे, श्वास सोडताना. घरच्या समारंभांतही हिची हातोटी हीच होती, फक्त तेव्हा हाताकडे लक्ष नव्हतं.

आता तिसरं वाक्य. जिवलग मैत्रीण नाराजी बोलून दाखवत नाही, कारण तुम्हाला दुखवायचं नसतं. “आवडलं का?” असं विचारलं तर उत्तर “मस्त!” हेच येणार. म्हणून प्रश्न बदलायला सांगितला. ट्रायलच्या शेवटी तिने विचारलं, “अगं, यातल्या तीन गोष्टी बदलायच्याच आहेत असं धर. कुठल्या बदलू?” बदल गृहीत धरला की सांगणारीला संकोच वाटत नाही. नवरीने थोडं थांबून सांगितलं: भुवया जरा हलक्या, ओठांचा रंग गडद, आणि “केस मला डोक्यावर जड वाटतायत गं.”

केसांचं दुखणं आधीच दिसलं होतं. चौथ्या तासाला अंबाडा सैल झाला. कारणं दोन: केस त्याच सकाळी धुतलेले, म्हणजे निसरडे, आणि पिना उलट्या लावलेल्या. बॉबी पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे हवी, तिनेच केस धरले जातात. आदल्या दिवशी केस धुऊन दुसऱ्यांदा केलं तेव्हा अंबाडा टिकला, पण केस बांधायलाच दीड तास लागला. इथे आमचं मत स्पष्ट होतं: दोन्ही एकटीने करण्याचा हट्ट सोडावा. केस व्यावसायिकाकडे द्यावेत, मेकअप तिने करावा. तिला हे हार मानल्यासारखं वाटलं. मग नवरीला काय सांगायचं ते शब्द बसवले: “मेकअप मी मनापासून करते. केसांना माझ्याने वेळेत होत नाही, ट्रायलला दोघींनी पाहिलं. आत्ताच कुणालातरी ठरवूया.” माफी नाही, लांबण नाही. नवरी म्हणाली, “बरं झालं बाई, तूच बोललीस.”

असं बोलायची एक शेवटची तारीख हवी. ट्रायलनंतर दोन-तीन दिवसांत, म्हणजे दुसरी व्यक्ती शोधायला वेळ उरतो. त्यानंतरचा नकार मैत्रीला जड जातो.

पैशांचंही तेव्हाच बोलून घ्यावं. मेहनत भेट म्हणून, पण नवरीच्या शेडचं फाउंडेशन, पापण्या, मस्कारा यांचा खर्च तिचा. आणि मस्कारा नवाच, दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला लागलेला नाही. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून ठेवलं.

मेकअप चालू असताना नवरीला आरसा देऊ नका. नुसत्या बेसवर चेहरा सपाट, रंग उडाल्यासारखा दिसतो आणि ती घाबरते. तिची घबराट तुमच्या हातात उतरते. डोळे आणि ओठ झाल्यावरच आरसा. रडू आलं तर टिश्यूची घडी करून तिचं टोक खालच्या पापणीला टेकवायचं, पुसायचं नाही.

लग्नाच्या समारंभात मात्र हिला पाहुणी व्हायचं होतं, कामवाली नव्हे. म्हणून टचअपचा बटवा (लिपस्टिक, ऑइल ब्लॉटिंग पेपर, चार पिना, पापणीचा गोंद) नवरीच्या बहिणीकडे दिला आणि गोंद कसा लावायचा ते तिला आदल्या दिवशी करून दाखवलं. उरला प्रश्न ऐनवेळी खुर्चीवर येऊन बसणाऱ्या मावशी-आत्यांचा. “माझंही जरा कर गं, दोनच मिनिटं!” यावर नवरीच्या आईनेच आधी सगळ्यांना सांगून ठेवलं, की ही फक्त नवरीला तयार करणार आहे. तरी एक आत्या आल्याच. त्यांना तिने लिपस्टिक तेवढी लावून दिली, नव्या स्पॅच्युलाने.