तुमची पत्रं : घुबडाला दूध चालतं का?

अमेरिकेत मिनेसोटातल्या आमच्या केंद्रात घुबड, ससाणा, गरुड असे जखमी शिकारी पक्षी येतात आणि न सोडता येणारे काही शाळेतल्या मुलांना दाखवले जातात. त्यावर मागच्या अंकात लिहिलं, त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे धाडली आहेत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि पक्षितज्ज्ञही नाही. मूळची वाईची, बँकेतून निवृत्त झालेली. गेली नऊ वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे पिंजरे धुते. तेवढ्याच अधिकाराने उत्तरं देते आहे.

गच्चीवरच्या टाकीखाली पांढऱ्या तोंडाचं घुबडाचं पिल्लू सापडलं. मुलगा त्याला दूध-पोळी आणि चिकनचे बिनहाडाचे तुकडे देतोय. दूध ते घेत नाही. काय करावं? — एक वाचक, नाशिक

दूध आजच्या आज बंद करा. पक्ष्यांना ते पचत नाही. ड्रॉपरने चोचीत पाणीही घालू नका. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. दया करता करता पक्षी मरतो तो असा. बिनहाडाचं चिकन वरवर बरं दिसतं, पण घुबड उंदीर गिळतं ते हाडांसकट, कातड्यासकट. कॅल्शियम त्या हाडांतून मिळतं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, वाकतात, आणि मग ती कुणालाच सरळ करता येत नाहीत.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाशी जुनं सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. झाकण लावून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड म्हणजे ते गव्हाणी घुबड. जखम नसेल तर त्याला परत घरट्यात पोचवणं हाच उत्तम उपाय. आईबाप रात्री येतात, आणि माणसाचा हात लागला म्हणून पिल्लू टाकत नाहीत. पण घरट्यापर्यंत चढायचं काम जाणकारांवर सोडा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने घुबड घरी ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मुलाला रागावू नका, त्याने उचललं म्हणून ते मांजरापासून वाचलं. फक्त त्याला सांगा, सारखं खोकं उघडून बघायचं नाही आणि बोलायचं नाही. हाताने वाढवलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजायला लागतं. आमच्याकडे असं एक घुबड आहे. पंधरा वर्षांचं झालं, अजून जोडीदार म्हणून आमच्या सफाई कामगाराकडे बघून घुमतं. सगळे हसतात. मला हसू येत नाही.

आणखी एक. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आमच्या वाईच्या वाड्यात माळ्यावर गव्हाणीची जोडी होती. आजी तिला लक्ष्मीचं वाहन म्हणायची, आणि तीच आजी रात्री ते ओरडलं की कानावर हात ठेवायची. दिवाळीच्या सुमारास याच लक्ष्मीच्या नावाने घुबडांची चोरटी विक्री होते, बळी दिले जातात. पत्ता जितका कमी लोकांना माहीत, तितकं बरं.

मी न्यू जर्सीत असते, मुलं कॉलेजला गेली. तुमच्यासारखं काम करावंसं वाटतं. पण मी पूर्ण शाकाहारी आहे आणि हातावर गरुड बसवायची भीती वाटते. जमेल का? — एक वाचक, एडिसन

गरुडाची भीती सोडा, तो तुमच्या हातावर यायला वर्ष-दोन वर्षं लागतील. पहिले सहा महिने माझ्या हातात होता तो पाण्याचा पाइप आणि खरवडायचा ब्रश. ससाण्याच्या जातीचे पक्षी विष्ठा खाली टाकतात, शिक्र्यासारखे हॉक जातीचे मात्र शेपटी उचलून मागे पिचकारी मारतात, भिंतीवर दोन-दोन मीटर. हा फरक पुस्तकात वाचला असता तर विसरले असते. भिंती घासून कायमचा लक्षात राहिला.

शाकाहाराचं म्हणाल, तर मीही अंडं खात नाही. पहिल्या दिवशी फ्रीज उघडला तेव्हा ट्रेमध्ये ओळीने उंदीर मांडलेले, आपण पापड वाळत घालतो तसे. गोठवलेले येतात, रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून मऊ करायचे, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. एकेका पक्ष्याचा तक्ता भिंतीवर असतो आणि खाणं ग्रॅमवर मोजून द्यायचं. काहींचे तुकडे कात्रीने करावे लागतात. महिनाभर मी घरी आल्यावर जेवले नाही. मग एक दिवस लक्षात आलं की उंदीर कापता कापता मी संध्याकाळच्या आमटीचा विचार करत होते. तेव्हापासून त्रास नाही.

खरं काम आहे वजनाचं. शिकारी पक्षी आजार लपवतो, जंगलात आजारी दिसला की संपला. म्हणून काट्यावरचा आकडा हीच त्याची तक्रार. आमच्याकडे एक म्हातारं बार्ड घुबड आहे, मी त्याला मनातल्या मनात ‘मामंजी’ म्हणते, कारण ते काही बोलत नाही आणि त्याला काही पसंत नसतं. या जातीची हाक अमेरिकन लोकांना ‘तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?’ अशी ऐकू येते, त्यामुळे नाव अधिकच शोभलं. तर एका हिवाळ्यात मामंजींचं वजन एकदम चाळीस ग्रॅमने वाढलं. सातशे ग्रॅमच्या पक्ष्याला चाळीस म्हणजे खूप. मी इमानाने नोंद केली, त्याचं खाणं कमी झालं. तीन दिवसांनी दुसऱ्या बाईंनी वजन केलं तर ते नेहमीपेक्षाही कमी. चूक माझी होती. काट्यावर बसायचा दांडा असतो, त्यावर प्लॅस्टिकच्या गवताचं आवरण. ते मी धुऊन ओलं लावलं होतं आणि काटा पुन्हा शून्यावर आणला नव्हता. बँकेत तीस वर्षं एक पैशाचा फरक लागला तर घरी जात नसे मी. मामंजींना त्या चुकीपायी तीन दिवस अर्धपोटी ठेवलं. आता दोनदा शून्य बघते.

ते गवत कशासाठी? गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्यावर सतत बसून पक्ष्याच्या तळव्याला आपल्या भोवरीसारखं होतं, मग ते पिकतं. त्याला बंबलफूट म्हणतात. उडू न शकणारा पक्षी त्यानेच जातो बऱ्याचदा. म्हणून दर आठवड्याला तळवे बघायचे, दांडे वेगवेगळ्या जाडीचे ठेवायचे. थोडक्यात, भांडी घासायची सवय असेल तर जमेल तुम्हाला.

लेख वाचून वाईट वाटलं. आभाळात फिरणाऱ्या जिवाला जन्मभर कोंडून शाळेतल्या मुलांना दाखवायचं, याला सेवा म्हणायचं का? — एक वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग आला नाही, कारण पहिल्या वर्षी हाच प्रश्न मी विचारला होता.

आमची रेड-टेल हॉक मादी रस्त्याकडेला सापडली. लोक गाडीतून सफरचंदाचा गाभा फेकतात, तो खायला उंदीर येतात, उंदरांवर ती झेपावते आणि तिची नजर भक्ष्यावर असताना गाडी येते. पंखाचं हाड जुळलं, पण वाकडं. चार फूट उडते आणि खाली येते. बाहेर सोडली तर आठवड्याभरात उपाशी मरेल. येणाऱ्यांतले जे सोडण्याजोगे असतात ते सोडलेच जातात. मुलांसमोर येतात ते असे उरलेले. त्यातही शांत स्वभावाचेच. जो पिंजऱ्यात स्वतःला आपटून घेतो, त्याला ठेवणं क्रूरपणा होईल.

मग त्याचं काय करतात? कायमचं झोपवतात. हे मी मागच्या लेखात लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. पूर्ण आंधळा झालेला, किंवा कोपरापासून वर पंख कापावा लागेल असा पक्षी इथल्या नियमांनुसार साधारणपणे ठेवत नाहीत. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, येतात, मान टाकलेले. शिकारी हरणाचं आतडं-कोथळा रानात टाकून जातात, त्यात गोळीचं शिसं. तांदळाच्या दाण्याएवढा कण गरुडाला मारायला पुरतो. मेलेल्या गुरांच्या अंगातल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं मेली, त्याचाच हा चुलतभाऊ. आपल्याकडे २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. इथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे १९९१पासून बंद आहेत, हरणांच्या गोळ्या बऱ्याच ठिकाणी अजून चालतात.

म्हणून त्या हॉकला हातावर घेऊन मी मुलांसमोर उभी राहते तेव्हा पंखाची गोष्ट सांगायच्या आधी सफरचंदाची सांगते. सेवा म्हणा, नका म्हणू. तिला मी विचारलेलं नाही, हे तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही.

पक्षी तुमच्यावर प्रेम करतो का? — इयत्ता पाचवी, ठाणे

नाही रे बाळा. तो मला ओळखतो, माझा हातमोजा ओळखतो, आणि मी नवी लाल टोपी घातली तर ओळख विसरतो. प्रेम मी करते, पण त्याला हात लावून कुरवाळत नाही. आपल्या हाताचं तेल लागून पिसं खराब होतात आणि त्याला ते मुळीच आवडत नाही.

मी पुण्यात शिकते. असं काम इथे करता येईल का? — एक वाचक, कोथरूड

येईल. वनविभागाची वन्यप्राणी उपचार केंद्रं आहेत, नागपूरला सेमिनरी हिल्सवर, तुमच्याजवळ बावधनला. रीतसर अर्ज करा. पक्षी हातावर घेऊन सेल्फी काढायची इच्छा असेल तर जाऊ नका. संक्रांतीच्या आधी नाव नोंदवा. नायलॉन मांजावर २०१७पासून बंदी असूनही जानेवारीत घारी येतच राहतात, पंखाच्या कडेला हाडापर्यंत कापलेल्या, आणि तेव्हा हात कमी पडतात. पहिल्या दिवशी जाताना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन जा. ती कुठल्याही केंद्राला पुरत नाहीत.