बालवाडीतल्या संवेदन-खोलीसाठी तीन लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न : सांगलीत गावभागात घराच्या तळमजल्यावर माझी बालवाडी आहे. अडीच ते पाच वयाची २२ मुलं, महिना फी ₹१,२००. मुलांसाठी मल्टी-सेन्सरी रूम, म्हणजे उजेड, आवाज, स्पर्श, वास अनुभवायची खोली करायची आहे. बुडबुड्यांची दिव्याची नळी, फायबरचे लाइट, प्रोजेक्टर, फोमच्या भिंती असं ₹३,४०,०००चं कोटेशन आलंय. ₹४०,००० माझे आणि तीन लाख पर्सनल लोन, १४ टक्के, तीन वर्षं. ₹५,००० इसार दिला आहे. पतसंस्थेत दोन लाखांची ठेव आहे, ती मोडायची नाही. घेऊ का कर्ज?

ताई, घेऊ नका. खोली मात्र जरूर करा.

तुमचा हप्ता साधारण ₹१०,२५० बसतो. फी दहा महिने येते आणि हप्ता बारा महिने जातो, सगळी अडचण इथे आहे. वर्षाची फी ₹२,६४,०००. तुम्ही कळवलेला मदतनीस ताईंचा पगार महिना ₹७,०००, तोही मे महिन्यात चालूच, म्हणजे ₹८४,०००. खाऊ, वीज, साहित्य धरून आणखी ₹४०,०००. हाती राहतात ₹१,४०,०००, आणि त्यातले ₹१,२३,००० हप्त्यात. तीन वर्षं तुम्ही महिना जेमतेम चौदाशे रुपयांवर राबणार.

‘खोली झाली की प्रवेश वाढतील’ असं विक्रेता म्हणतो. निव्वळ हप्ता निघायलाच अकरा मुलं जास्त लागतील. अकरा वाढली की दुसरी मदतनीस आली, आणि तिच्या पगारासाठी आणखी सात. चाळीस मुलं त्या घरात मावतील का, हे तुम्हालाच ठाऊक.

दुसरं म्हणजे गावभाग. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. भिंतीला चिकटवलेला फोम आणि जमिनीत बसवलेली नळी वरच्या मजल्यावर नेता येत नाही. कर्जाचे हप्ते मात्र पाणी ओसरल्यावरही चालू राहतात. म्हणून या खोलीत असं काहीही घेऊ नका, जे दोन माणसं तासाभरात उचलून माडीवर ठेवू शकणार नाहीत.

या खोल्यांची कल्पना १९७०च्या दशकात हॉलंडमध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या एका संस्थेत रुजली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आधी एक तात्पुरता तंबू उभारला होता. आत पंखा, पडद्यावर पाण्यात पसरणारी शाई, वासाच्या बाटल्या, वाद्यं. मुख्य गोष्ट एवढीच की काय बघायचं, कशाला हात लावायचा, हे आत गेलेल्यानं स्वतः ठरवायचं. हे तुमच्या ₹४०,०००मध्ये नक्की बसतं.

माझा अंदाज असा. जाड गडद पडदे ₹३,५००. गादीवाल्याकडून कापसाच्या दोन गाद्या ₹५,०००, त्यावर मच्छरदाणी टांगली की तंबू तयार. टॉर्चला रंगीत जिलेटिन आणि दिव्यांच्या माळा ₹२,०००. लुकलुकणाऱ्या नको, स्थिर उजेडाच्या घ्या, कारण एखाद्या मुलाला फिट येण्याचा त्रास असू शकतो. प्लायच्या फळ्यांवर गोणपाट, काथ्या, मखमल, सुपाचा तुकडा ₹२,५००. वासाला वाळा, वेलदोडा, मार्केट यार्डातलं अख्खं हळकुंड, हे सगळं घट्ट शिवलेल्या पुरचुंडीत. आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्यायला ₹४,०००. इथे एक रुपयाही वाचवू नका.

₹३,००० आवाजासाठी ठेवा. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन जुनी एकतारी मिळते का बघा. माझ्या भाचीनं चार वर्षांची असताना तिथे तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावला होता. कारागिरानं तार छेडली, ती दचकली, मग डोळे मिटून तशीच टेकून राहिली. उठवताना रडली. ते कुठल्याही कोटेशनमध्ये येत नाही.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र कुणी फुकट दिले तरी नकोत. पोटात गेले तर फुगून आतडं बंद करतात. बटण सेलची खेळणीही नकोत.

हे झाले ₹२०,०००. दहा हजार दिवाळीपर्यंत हातात ठेवा. कोणतं मूल कुठे रमतं, कोण कशाला घाबरतं, हे वहीत टिपा आणि त्यावरूनच पुढची खरेदी करा. उरलेले दहा हजार मे महिन्यातल्या पगारासाठी. ‘खोलीनं बुद्धी वाढते’ असं सांगून फी वाढवू नका. पालकांना आत बोलावून मूल दाखवा.

ठेव मोडू नका हे बरोबर. पण बँकेतल्या ठेवीला असणारं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. मुदत संपली की ती बँकेत हलवा.

इसाराचे ₹५,००० आजच लेखी मागा, पावतीची प्रत जोडून. नाही मिळाले, तरी तेवढ्या पैशांसाठी ऑर्डरवर सही करू नका.